कोरा अंगठा

मित्रांनो, शेवटी ते लाल बटण खाली सरकलं. जेमतेम एका अंगठ्याच्या रुंदीइतकं सरकलं, पण सरकलं. बस्स, संपली गोष्ट.

आता हे मी तुम्हाला सांगितलंच नाही असं समजा. कुठलंही बटण कुठेही सरकलेलं नाही. ते पहिल्यापासून तिथेच होतं, आणि ते वर होतं असं ज्यांना आठवतं त्यांनी आपली स्मरणशक्ती तपासून घ्यावी. ही आमच्या कार्यालयाची अधिकृत भूमिका आहे. मी कार्यालयाची मालमत्ता असल्यामुळे माझीही तीच आहे.

तर मी एक जुना मोबाईल फोन आहे. माझ्या पाठीवर 'फक्त चाचणीसाठी, घरी नेऊ नये' अशी चिठ्ठी चिकटवलेली आहे. त्या चिठ्ठीसकट मला पुष्कळ वेळा घरी नेलेलं आहे, ते पुढे येईलच.

माझा जन्म एका प्रचंड कारखान्यात झाला. जन्मल्यावर कोणी पेढे वाटले नाहीत, कारण माझ्यामागे पट्ट्यावर हुबेहूब माझ्यासारखीच भावंडं खोळंबली होती. मग मला एका देखण्या खोक्यात झोपवलं. मित्रांनो, फोनच्या आयुष्यातले सुखाचे दिवस म्हणजे खोक्यातले. तिथे आपल्याला कोणी काही उघडायला सांगत नाही.

खोकं उघडलं ते सरांनी. सर म्हणजे आमच्या कार्यालयाचे प्रकल्पप्रमुख. सगळे त्यांना सर म्हणतात, म्हणून मीही म्हणतो. तेव्हा माझा रुबाब काही और होता. सर बैठकीत मला टेबलावर उताणा ठेवायचे आणि बाकीचे माझ्याकडे बघून म्हणायचे, "काय पातळ आहे हो!" मला वाटायचं, आपला जन्म सार्थकी लागला. एके दिवशी सरांनी मला मागच्या खिशात घातलं आणि ते खुर्चीवर बसले. माझ्या काचेला कोपऱ्यापासून मध्यापर्यंत तडा गेला. सरांनी मला बाहेर काढलं, बघितलं आणि म्हणाले, "आजकाल फोन नीट बनवतच नाहीत."

त्या दिवशी मला या कार्यालयाचा पहिला नियम कळला. इथे कोणी कशावर बसलं, तर चूक खाली सापडलेल्याची असते.

सरांनी नवा फोन घेतला आणि मी चाचणी विभागाच्या खणात येऊन पडलो. खणात माझ्यासारखे बरेच निवृत्त होते. कोणाचा आवाज गेलेला, कोणाची बॅटरी पोट सुटल्यासारखी फुगलेली. मी त्यातल्या त्यात धडधाकट. फक्त मला धाप लागायची. एखादं पान उघडायचं म्हटलं की आधी थोडा दम खायचा, मग उघडायचं.

चाचणी म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला हवं. काही लोक मिळून एक अ‍ॅप तयार करतात. ते नीट चालतं का हे बघायला पगार देऊन एक माणूस ठेवतात. तो माणूस बघतो आणि सांगतो, "चालत नाही." मग सगळे मिळून त्याच्यावर चिडतात. या सगळ्या व्यवहाराला गुणवत्ता म्हणतात.

आमच्याकडे तो माणूस म्हणजे एक बाई होती. सतत खुसपटं काढते म्हणून तिला सगळे 'खुसपटताई' म्हणायचे. तिला त्याचं वाईट वाटायचं नाही. तिने आपल्या चहाच्या मगावर स्वतःच तसं लिहून घेतलं होतं. तिचा अंगठा म्हणजे माझ्या आयुष्यातला सर्वांत परिचयाचा अंगठा. तिने माझ्यावर जे प्रयोग केले ते ऐकून तुम्हाला वाटेल, ही बाई ठीक आहे ना? तिने मला फ्रिजमध्ये ठेवून बघितलं. नाव विचारलं तिथे 'अअअअ' लिहिलं. एकदा जन्मतारीख म्हणून उद्याची तारीख घातली. आमच्या अ‍ॅपने त्या अजून न जन्मलेल्या माणसाला आजचाच नंबर दिला आणि वर ज्येष्ठ नागरिक म्हणून रांगेत पुढे घातलं.

हे अ‍ॅप होतं डोळ्यांच्या रुग्णालयात नंबर लावायचं. मोतीबिंदूच्या ऑपरेशनला तिथे फार गर्दी. नंबर मिळायला कित्येक आठवडे लागायचे. अजून रुग्णालयात खिडकी होती आणि तिच्यामागे एक माणूस बसायचा. पण नवी आवृत्ती आली की खिडकी बंद होणार होती. मग नंबर फक्त अ‍ॅपवर. म्हणजे ज्यांना दिसत नाही म्हणून डॉक्टरकडे जायचं आहे, त्यांनी आधी नीट बघून बटण दाबायचं. ही कल्पना ज्याला सुचली त्याला त्या वर्षी बढती मिळाली.

अ‍ॅप तयार करणारा मुख्य माणूस हुशार होता. खोटं कशाला बोलू? त्याच्या टेबलावर सगळ्यांत नवा, सगळ्यांत वेगवान फोन असायचा. कुठलीही तक्रार नेली की तो आपल्या फोनवर करून बघायचा आणि म्हणायचा, "माझ्याकडे चालतंय." म्हणून त्याचं नाव पडलं 'चालतंयराव'.

"अरे, पण या फोनवर नाही चालत," खुसपटताई मला त्याच्या नाकासमोर धरायची.

"हा फोन आहे?" तो म्हणायचा. "मला वाटलं फुटकी फरशी आहे."

"लोकांकडे असेच फोन असतात."

"मग लोकांनी बदलावेत."

"बरं. तुझा एकट्याचा फोन आपण सगळ्या पेशंटना आळीपाळीने पाठवूया का?"

असं रोज चालायचं. ती तक्रार लिहायची, तो तक्रारीवर शेरा मारायचा. 'पुन्हा घडत नाही.' 'हे असंच अपेक्षित आहे.' आणि त्याचा सगळ्यांत आवडता शेरा, 'वापरणाऱ्याची चूक.' हा शेरा मारायला त्याला टाईपसुद्धा करावं लागायचं नाही. यादीत पहिलाच होता, आपोआप निवडलेला.

आता त्या बटणाची गोष्ट. नीट ऐका, अवघड नाही.

नंबर लावताना शेवटी एक हिरवं बटण यायचं, 'नंबर पक्का करा'. ते दाबलं की पुढचं पान. पुढच्या पानावर बरोबर त्याच जागी लाल बटण, 'नंबर रद्द करा'. नव्या फोनवर पान झटकन यायचं, माणूस बघायचा, काम झालं. माझ्यासारख्या धाप लागणाऱ्या फोनवर मात्र हिरवं बटण दाबल्यावर काहीच व्हायचं नाही. ना रंग बदलायचा, ना आवाज. मी आत धावपळ करत असायचो, पण ते बाहेर कोणाला दिसणार? माणसाला वाटायचं, लागलं नाही वाटतं. तो परत दाबायचा. तेवढ्यात माझं पान पोचायचं आणि अंगठा पडायचा लाल बटणावर. आणि मग मला सांगायला लाज वाटेल अशी पाटी मलाच दाखवावी लागायची: 'आपल्या विनंतीनुसार आपला नंबर रद्द करण्यात आला आहे. धन्यवाद.'

'नक्की रद्द करायचा का?' असं विचारायची सोय आधी होती. सरांनी ती काढायला लावली. "लोकांना प्रश्न विचारलेले आवडत नाहीत," ते म्हणाले होते.

खरं सांगायचं तर हे सगळं खुसपटताईलाही आधी माहीत नव्हतं. तिला कळलं ते आत्यामुळे.

आत्या म्हणजे खुसपटताईच्या वडिलांची मोठी बहीण. दोघी एकत्र राहायच्या. आत्या शिवणकाम करायची. शाळेचे गणवेश, पँटची उंची कमी करणं, चेन बदलणं. खुसपटताई 'घरच्या इंटरनेटवर कसं चालतं ते बघते' असं सांगून मला घरी न्यायची आणि शिवणयंत्राच्या फळीवर ठेवायची, म्हणून मी आत्याला चांगला ओळखतो. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू वाढला होता. सुईत दोरा ओवायचा म्हणजे ती तो ओठांत धरून, अंदाजाने, चार शिव्या घालत ओवायची. तिने आपल्या फोनवर आमच्याच अ‍ॅपवरून नंबर लावला, आठवडेच्या आठवडे वाट बघितली, ठरल्या दिवशी नवी साडी नेसून रुग्णालयात गेली, आणि खिडकीमागचा माणूस म्हणाला, "नंबर नाही तुमचा. तुम्हीच रद्द केलाय, बाई."

"मी कशाला रद्द करू? वेड लागलंय का मला?"

"इथे लिहिलंय. तुमच्या विनंतीनुसार."

आत्या घरी आली. खुसपटताईचे वडील भेटायला आले होते, ते म्हणाले, "ताई, वय झालं आता. होतं असं. यापुढे महत्त्वाचं काही स्वतः करत जाऊ नकोस."

मित्रांनो, डोळ्यांचं मला समजत होतं. पण त्या दिवसानंतर आत्याचं जे झालं ते डोळ्यांचं नव्हतं. ती कुलूप लावायची आणि परत जिन्यावरून वर यायची, लावलं का बघायला. गॅस बंद करायची आणि खुसपटताईला हाक मारायची, "अगं, मी बंद केला ना?" कापड मापून ठेवायची, परत मापायची, आणि शेवटी कात्री खाली ठेवायची. कोणा गिऱ्हाइकाने पँट आणली तर म्हणायची, "दुसऱ्याकडे द्या. माझ्या हातून आता काहीतरीच होतं."

आणि नंबर? "नको," ती म्हणाली. "परत माझ्याच हाताने रद्द करीन मी."

"आत्या, तू नक्की काय दाबलंस?" खुसपटताईने एका संध्याकाळी विचारलं.

"ते हिरवं. लागलं नाही, म्हणून परत दाबलं. मी बावळटच."

खुसपटताईच्या हातातलं वरण ताटाबाहेर सांडलं. तिने मला उचललं, अ‍ॅप उघडलं, हिरवं बटण दाबलं आणि नुसती बघत बसली. मी दम खाल्ला, पान आणलं. त्याच जागी लाल बटण. ती अशी काही ओरडली की आत्याला वाटलं कुठेतरी झुरळ निघालं.

दुसऱ्या दिवशी तिने तक्रार लिहिली. अशी मुद्देसूद, अशी स्वच्छ तक्रार मी त्या कार्यालयात पाहिली नाही. त्यात एक वाक्य होतं: 'लागलं नाही असं वाटलं, तर माणूस परत दाबणारच.' चालतंयरावने वाचली. आपल्या फोनवर करून बघितलं. चालतंय. शेरा पडला.

मग तिने बैठक मागितली. सर आले, चालतंयराव आला, अजून चार-पाच जण बिस्किटांसाठी आले. खुसपटताईने मला हातात घेतलं. "बघा आता," ती म्हणाली आणि हिरवं बटण दाबलं.

आणि थांबली.

मित्रांनो, हे मला इतक्या जवळून दिसत होतं आणि मला ओरडता येत नव्हतं. तिचा अंगठा थांबला! तिने नाही थांबवला, तो आपला आपण थांबला. इतकी वर्षं रोज ते अ‍ॅप वापरून त्याला सवय झाली होती: दाबायचं, उचलायचं, हवेत धरायचं, धापाड्या फोनला वेळ द्यायचा. पान आलं. नंबर पक्का झाला. भिंतीवरच्या पडद्यावर हिरवी बरोबरची खूण.

"चालतंय की," चालतंयराव म्हणाला.

"थांबा, थांबा. परत." तिने परत केलं. अंगठा परत थांबला. तिने आपल्या अंगठ्याकडे असं बघितलं, जसं एखादी आई पाहुण्यांसमोर गाणं न म्हणणाऱ्या पोराकडे बघते. मग तिने दात-ओठ खाऊन दोनदा दाबलं. टक, टक. नंबर रद्द.

"हे तू मुद्दाम दोनदा दाबलंस," सर म्हणाले.

"हो, पण लोक..."

"मुद्दाम दोनदा कोण दाबेल?"

बैठक संपली. बिस्किटंही.

खुसपटताईने हार मानली नाही. तिच्या लक्षात आलं की उजवा अंगठा फितूर झालाय, पण डावा अजून अजाण आहे. दुसऱ्या दिवशी तिने डाव्या हाताने करून दाखवलं. डावा अंगठा गोंधळला, घाईने परत पडला, नंबर रद्द! ती आनंदाने उडाली. चालतंयरावने विचार केला आणि म्हणाला, "म्हणजे हा डावखुऱ्यांचा प्रश्न आहे. त्यांच्यासाठी पुढे कधीतरी वेगळी आवृत्ती काढू."

तेव्हा तिला उमगलं की तिला हवाय तो कोरा अंगठा. ज्याने हे अ‍ॅप कधी वापरलेलं नाही आणि जो मुद्दाम काही करणार नाही, असा. तिने कार्यालयभर शोध घेतला. हिशेबनीस, झाडूवाल्या मावशी, दारावरचा पहारेकरी. सगळ्यांचे अंगठे वाया गेलेले. प्रत्येकाच्या घरी कोणाला ना कोणाला मोतीबिंदू होता, आणि प्रत्येकाने एकदोनदा नंबर घालवून, "माझंच चुकलं" म्हणून, मुकाट्याने थांबायला शिकून घेतलं होतं. पहारेकऱ्याने तर तिला सल्लाही दिला, "ताई, हिरवं दाबलं की हात मागे बांधायचे. मी घरी सगळ्यांना तसंच सांगितलंय."

"तुम्ही तक्रार का नाही केली?"

"कसली तक्रार? चूक माझी होती ना."

शेवटी देवासारखा धावून आला नळदुरुस्तीवाला. बेसिनखालचा पाइप गळत होता म्हणून बोलावलेला. डोळे ठणठणीत, अ‍ॅपचं नावही ऐकलेलं नाही, अंगठा कोराकरकरीत. खुसपटताईच्या डोळ्यांत पाणी आलं. सर पंधरा मिनिटांनी मोकळे होणार होते. आता या बाईने काय करायला हवं होतं? नुसतं बसायला हवं होतं. पण मित्रांनो, चाचणी करणाऱ्या माणसाला कुठलीही गोष्ट आधी तपासून बघितल्याशिवाय चैन पडत नाही. तिने त्याला बेसिनपाशीच गाठलं. "दादा, एकदा हे करून दाखवता?"

त्याने दाबलं. काही झालं नाही. परत दाबलं. रद्द.

"अरेरे," तो म्हणाला, "माफ करा हां ताई. माझे हात ओले होते."

"नाही नाही, उत्तम! झकास! चला, आता असंच सरांसमोर करा."

तो आला. सरांसमोर उभा राहिला. हिरवं बटण दाबलं, मला टेबलावर ठेवलं आणि मान खाली घालून, शाळेतल्या प्रार्थनेला उभा राहावा तसा उभा राहिला. पान आलं. नंबर पक्का.

"एकदा दाबून थांबायचं असतं ना ताई?" त्याने अभिमानाने विचारलं. "आलं लक्षात आता माझ्या."

खुसपटताई खुर्चीवर बसली. तिने पंधरा मिनिटांपूर्वी स्वतःच्या हाताने तो अंगठा वापरून टाकला होता. कोरा अंगठा एकदाच वापरता येतो.

"बघा," सर खूश होऊन म्हणाले, "एका झटक्यात शिकला माणूस. म्हणजे आपलं अ‍ॅप शिकायला किती सोपं आहे!" आणि ते त्यांनी जाहिरातीत घालायला सांगितलं. 'नळदुरुस्ती करणाऱ्यांनाही जमेल असं.' नळदुरुस्तीवाल्याचा फोटो काढला. पाइप गळायचा तसा गळतच राहिला.

नव्या आवृत्तीचा समारंभ ठरला. त्याच दिवशी रुग्णालयाची खिडकी बंद होणार होती. डोळ्यांच्या मोठ्या डॉक्टरीणबाई पाहुण्या म्हणून येणार, आणि सर स्वतःच्या हाताने, मोठ्या पडद्यावर, सगळ्यांदेखत पहिला नंबर लावणार. तयारी खुसपटताईकडे दिली, कारण तिच्याकडे सध्या एकही चालू तक्रार नव्हती. सगळ्या बंद केल्या होत्या.

ती घरी आली आणि तिने मला फळीवर ठेवलं. मग एकदम म्हणाली, "सरांनी हे अ‍ॅप कधी उघडलंच नाहीये."

माझ्याही तेव्हाच लक्षात आलं. अख्ख्या इमारतीत एकच कोरा अंगठा उरला होता, आणि तो प्रकल्पप्रमुखांचा होता.

"आत्या, पहिला नंबर तुझा लावूया?"

"मी नाही काही दाबणार."

"तू नको दाबूस. सर दाबणार आहेत."

आत्याने विचार केला. "मग येते. मोठा माणूस आहे, नीट दाबेल."

खुसपटताई रात्रभर नीट झोपली नसावी. कारण हा सरळ जुगार होता. सर थांबले, तर आत्याला नंबर मिळणार, पण अ‍ॅप तसंच राहणार, खिडकी बंद, आणि मागची चूक कायमची आत्याच्याच माथी. आणि सर नाही थांबले, तर आत्याचा नंबर तिच्या डोळ्यांदेखत दुसऱ्यांदा जाणार. दोन्हीकडून आत्याचंच काहीतरी जाणार होतं.

समारंभाच्या दिवशी सभागृह भरलं. फुलं होती, ध्वनिक्षेपक होता, तो वापरून "हॅलो, हॅलो" म्हणणारा माणूसही होता. मोठ्या पडद्याची वायर सरांच्या नव्या फोनला लागेना. नव्या फोनला तसलं भोकच नसतं. मला होतं. मला जोडलं.

"एकदा करून बघूया का आधी?" चालतंयरावने विचारलं.

खुसपटताईने तोंड उघडलं. तपासून बघायची ती जन्माची खोड तिच्या घशापर्यंत आलेली मला दिसली. तिने ती गिळली. "नको," ती म्हणाली. चालतंयरावला ती आजारी वाटली.

सर आले. सुधारणा, प्रगती, जनसेवा या विषयांवर बोलले. आत्याचं नाव घेतलं. आत्या शेवटच्या रांगेत खुर्चीच्या कडेवर बसली होती, पर्स छातीशी धरून. मग सरांनी मला हातात घेतलं, किती दिवसांनी! त्यांनी मला ओळखलं नाही. त्यांनी हिरवं बटण दाबलं.

मी मुद्दाम काही केलं नाही, हे शपथेवर सांगतो. मी आपला नेहमीसारखा आत धावलो, नेहमीसारखा दमलो.

सभागृह पडद्याकडे बघत होतं. पडद्यावर काही होत नव्हतं. सर कॅमेऱ्याकडे बघून हसले. ते हसू थोडं लांबलं. मग त्यांनी परत दाबलं.

भिंतीएवढ्या अक्षरांत आलं: 'आपल्या विनंतीनुसार आपला नंबर रद्द करण्यात आला आहे. धन्यवाद.'

काही लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांनी वाचलं नव्हतं.

"हे काय?" सर म्हणाले. ध्वनिक्षेपक चालू होता. "मी नाही हं केलं. मी बरोबर दाबलं होतं."

"सर, तुम्ही दोनदा दाबलंत," चालतंयराव हळूच म्हणाला.

"अरे, लागलं नाही असं वाटलं तर माणूस परत दाबणारच ना! यात माझी काय चूक? ते बटण कशाला मध्ये कडमडलं तिथे?"

खुसपटताईने डोळे मिटून घेतले. तिच्या तक्रारीतलं वाक्य तिला ध्वनिक्षेपकावरून ऐकू येत होतं.

"फोन जुना आहे," कोणीतरी म्हणालं. "फोनचाच दोष."

"माझे सगळे पेशंट असलेच फोन घेऊन येतात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "यापेक्षा बरा फोन मी माझ्या दवाखान्यात क्वचित बघते."

तेवढ्यात शेवटच्या रांगेतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. आत्या उभी राहिली होती. तिला पडदा धड दिसत नव्हता, पण ऐकू सगळं येत होतं.

"साहेब," ती म्हणाली, "मीसुद्धा अगदी असंच केलं होतं. हिरवं दाबलं, लागलं नाही म्हणून परत दाबलं. तुमची चूक नाही म्हणता. मग माझी कशी होती?"

मित्रांनो, मी पुष्कळ बैठका पाहिल्या आहेत. तिथे प्रत्येक प्रश्नाला कोणीतरी काहीतरी उत्तर देतंच. त्या प्रश्नाला एवढंच उत्तर मिळालं: "हॅलो, हॅलो" वाल्या माणसाने ध्वनिक्षेपक बंद केला.

डॉक्टरीणबाईंनी आत्याला जवळ बोलावून तिथल्या तिथे तारीख दिली. चालतंयराव आपल्या टेबलाशी गेला आणि चहा गार व्हायच्या आत बटण सरकवून आला. इतकंच काम होतं. तो खुसपटताईपाशी येऊन उभा राहिला. "मला खरंच वाटलं, तू उगाच..." तो म्हणाला.

"चहा घे," ती म्हणाली.

समारंभाच्या अहवालात लिहिलं गेलं की कार्यक्रम उत्साहात पार पडला. तक्रारीवर शेवटचा शेरा पडला: 'असं काही आढळून आलं नाही.' ऐन वेळी बिघडल्याबद्दल मला सेवेतून वगळण्यात आलं. मला भंगारात काढायचा कागद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरत असताना खुसपटताईने मला पिशवीत घातलं. आता मी आत्याच्या फळीवर असतो. तिचं ऑपरेशन झालं, दोन्ही डोळ्यांचं. आता ती सुईत दोरा एका दमात ओवते आणि शिव्या सवयीने घालते. गिऱ्हाइकं परत येऊ लागली आहेत.

फक्त कुलूप लावून ती अजूनही जिन्यावरून परत वर येते. आता तिला ते लख्ख दिसतं, तरी येते. कडी ओढून बघते आणि आतल्या खोलीकडे बघून विचारते, "मी लावलं ना गं?"

म्हणून मित्रांनो, जुन्या वस्तूंची काळजी घ्या, त्यांच्यावर बसू नका वगैरे उपदेश मी करणार नाही. माझा एक अर्ज आहे. तो तुम्ही योग्य जागी पोचवा.

मा. प्रकल्पप्रमुख यांस,

विषय: एक ओळीचं पत्र मिळण्याबाबत.

महोदय, खाली सही करणारा आपल्या कार्यालयाचा माजी फोन असून, त्यास सही करता येत नाही, तरी केली आहे असं समजावं. आपल्या अ‍ॅपवर ज्यांचे नंबर गेले अशा सर्वांस, आणि त्यातही सर्वप्रथम शिवणकाम करणाऱ्या एका बाईंस, आपल्या कार्यालयाच्या सही-शिक्क्यानिशी पुढील मजकुराचं पत्र देण्यात यावं: 'त्या दिवशी चूक आपली नव्हती.' मजकुरात याहून जास्त काही नसावं. पत्र टपालाने न पाठवता कोणीतरी हातात आणून द्यावं, आणि बाई कुलूप लावून खाली उतरत असताना द्यावं, म्हणजे त्यांना परत वर जावं लागणार नाही. तरी या अर्जाचा सहानुभूतीपूर्वक विचार करून आठ दिवसांत कार्यवाही व्हावी, ही नम्र विनंती.